ॲप हिरवं होतं आणि पाणी साठत होतं : हार्ट फेल्युअरच्या घरगुती देखरेखीचं एक प्रकरण

रुग्णाचं वय ६२. सातारा जिल्ह्यातल्या एका गावात पत्नीसोबत राहतात, विकास सोसायटीचे सचिव म्हणून निवृत्त झालेत. तीन वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला, सरकारी योजनेतून अँजिओप्लास्टी झाली, पण हृदयाच्या पुढच्या भिंतीचं नुकसान व्हायचं ते झालंच. इकोत पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त बाहेर ढकलण्याची ताकद, २८ टक्के. सोबत जुना मधुमेह आणि दोन्ही गुडघ्यांची झीज. मुलगा चाकणला नोकरीला. जानेवारीत धाप आणि पायांवरची सूज वाढली म्हणून सहा दिवस ॲडमिट होते. शिरेतून औषध देऊन पाणी उतरवलं आणि डिस्चार्जच्या दिवशी सिस्टरनी त्यांच्या मोबाइलवर हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदयाचा पंप कमजोर पडून अंगात पाणी साठण्याच्या आजाराच्या, देखरेखीचं ॲप टाकून दिलं.

असे रुग्ण हृदयरोगाच्या प्रत्येक ओपीडीत भेटतात. ॲप वापरताना त्यांना जे जे अनुभव येतात ते एका घरात आणून हे प्रकरण नमुना म्हणून बेतलं आहे. त्यामुळे यात रुग्णाचं, रुग्णालयाचं किंवा ॲपचं नाव नाही. वॉर्डात म्हणतात तसं खाली त्यांना काका म्हटलं आहे.

डिस्चार्ज कार्डावरच्या गोळ्या ठरलेल्या होत्या : सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन ५० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल सक्सिनेट २५, स्पायरोनोलॅक्टोन २५, डॅपाग्लिफ्लोझिन १०, आणि लघवीची गोळी म्हणजे टॉर्सेमाइड २० मिलिग्रॅम रोज सकाळी. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी वेगळी. ॲपचं काम वरकरणी सोपं. रोज सकाळी सातला आठवण येते. वजन, बीपी, नाडी भरायची. दम, सूज, उशा, चक्कर, थकवा यांवरच्या पाच प्रश्नांना हो किंवा नाही म्हणायचं. मग पडदा हिरवा, पिवळा किंवा लाल होतो. वजनासाठी नियम दोन : मूळ वजनापेक्षा २ किलो वर गेलं, किंवा तीन दिवसांत २ किलो वाढलं, की पिवळा.

वजनावर एवढा भर का, हे काकांना कोणी नीट सांगितलं नव्हतं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी किंवा मांस एका रात्रीत किलोभर वाढत नाही. रात्रीत काटा ८०० ग्रॅम वर गेला तर ते बहुतेक पाणीच असतं. आणि हे पाणी धाप लागायच्या आधी काट्यावर दिसू लागतं. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हार्ट फेल्युअरसाठी ॲडमिट झालेल्यांचं वजन त्याआधी निदान आठवडाभर वाढत गेल्याचं आढळलं होतं. तेवढ्या आठवड्यात गोळीवर भागतं. नंतर शिरेतून औषध आणि ऑक्सिजन लागतो.

सुरुवातीचा आकडा

ॲपमध्ये पहिल्याच दिवशी 'मूळ वजन' भरावं लागतं. सिस्टरनी वॉर्डातल्या काट्यावर घेतलेलं ७१.२ किलो टाकलं. दुपारची वेळ, जेवण झालेलं, अंगात पँट-शर्ट आणि स्वेटर, पायात चपला. घोट्यांवरची सूज पुरती उतरली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या काट्यावर वजन भरलं ६९.४. पुढच्या दहा दिवसांत गोळीने उरलेलं पाणी निघालं आणि काटा ६८.० वर स्थिरावला. सपाट रस्त्याला दम नाही, एका उशीवर झोप, नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबला तर खड्डा नाही. हे त्यांचं खरं कोरडं वजन, म्हणजे अंगात जादा पाणी नसतानाचं.

ॲपला मात्र ७१.२ हेच मूळ वजन माहीत होतं. त्याच्या हिशेबाने पिवळा रंग यायचा तो ७३.२ ओलांडल्यावर. म्हणजे कोरड्या वजनावर सव्वापाच लिटर पाणी साठेपर्यंत पडदा हिरवा राहणार होता. मोबाइल, काटा, इंटरनेट सगळं ठीक चालत होतं, फक्त एक आकडा चुकीच्या वेळी, चुकीच्या काट्यावर घेतला गेला होता. या संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात महागाची चूक हीच, आणि ती टाळायला खर्च शून्य आहे : मूळ वजन डिस्चार्जच्या टेबलावर भरायचंच नाही. घरच्या काट्यावर आठ-दहा दिवस वजन घ्यायचं, ते स्थिरावलं आणि तपासणीत सूज नाही हे डॉक्टरांनी पाहिलं, की मग तो आकडा टाकायचा.

मार्चमधले आठ दिवस

मार्चच्या मध्यावर गुडघे फार दुखायला लागले. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची पाकिटं आणली, दिवसाला दोन गोळ्या, सहा दिवस. या जातीच्या वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाकडचा रक्तपुरवठा आवळतात, मीठ आणि पाणी अंगात धरून ठेवतात आणि लघवीच्या गोळीचा जोर मोडतात. आयबुप्रोफेन, एसिक्लोफिनॅक हीही त्याच घरातली. ॲप रोज विचारत होतं, 'गोळ्या घेतल्या का?' काका प्रामाणिकपणे 'हो' म्हणत होते. 'नवीन काही घेतलं का?' हा प्रश्न ॲपमध्ये नव्हता.

वजनं अशी चढली : ६८.०, ६८.३, ६८.५, ६८.९, ६९.२, ६९.६, ७०.१, ७०.६. मूळ वजनाचा नियम तर ७३.२ वर बसलेला. दुसरा नियमही कामी आला नाही, कारण कुठल्याही तीन दिवसांतली वाढ दीड किलोच्या आतच होती. सावकाश चढणारं पाणी दोन्ही नियमांच्या फटीतून गेलं. आठही दिवस हिरवा पडदा आणि खाली 'छान! असंच चालू ठेवा.'

मग पाच प्रश्नांचं काय? 'दम लागतो का?' याला काकांनी शेवटपर्यंत 'नाही' असं उत्तर दिलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांनी दम लागेल अशी कामंच सोडून दिली होती. सकाळचं मारुतीच्या देवळापर्यंतचं फिरणं पारापर्यंत आलं, मग अंगणापुरतं. पाणी तापवायच्या बंबात लाकूड घालायला वाकलं की छाती भरून यायची, म्हणून ते काम काकूंकडे गेलं. वाकल्यावर अर्ध्या मिनिटात धाप लागणं हे पाणी साठल्याचं ओळखीचं लक्षण आहे. पण माणूस आपली हालचाल दमाच्या मापाने कमी करत जातो आणि स्वतःला बरा समजतो. हे काकूंना पाचव्या दिवशीच जाणवलं होतं. ॲपमध्ये काकूंना विचारायची सोय नव्हती.

आठव्या रात्री दोन वाजता काका खोकत उठून बसले. दोन उशा होत्या, तिसरी घेतली तरी आडवं होता येईना. मुलाने चाकणहून ॲप उघडून पाहिलं. त्याला कुटुंबीय म्हणून जोडलेलं होतं. हिरवा रंग पाहून तो आईला म्हणाला, "अगं, सगळं नॉर्मल दाखवतंय, ॲसिडिटी असेल." पहाटेपर्यंत गेलेले तीन तास या एका वाक्यामुळे गेले. सकाळी तालुक्याच्या डॉक्टरांकडे ऑक्सिजनची पातळी ९१ भरली. फ्युरोसेमाइडचं इंजेक्शन शिरेतून, संध्याकाळपर्यंत निरीक्षण, दोन लिटरच्या आसपास लघवी, पातळी ९६. ॲडमिट व्हावं लागलं नाही. गुडघ्यांसाठी साधी पॅरासिटामॉल लिहून दिली, तीही पाण्यात फसफसून विरघळणारी नको असं सांगून, कारण त्या प्रकारच्या गोळ्यांत सोडियम भरपूर असतं.

काट्यावर कोण उभं होतं

पुढच्या आठवड्यात ॲपचा सगळा इतिहास उघडून पाहिला तेव्हा आणखी गोष्टी निघाल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी लाल इशारा आला होता : वजन ५८.३, एका दिवसात जवळजवळ दहा किलोची घट. काकांच्या पाठोपाठ काकू काट्यावर उभ्या राहिल्या होत्या आणि ब्लूटूथने त्यांचं वजन काकांच्या नावावर जमा केलं होतं. असं आठवड्यात दोनदा घडलं. मुलाचे घाबरून फोन, सिस्टरचा फोन. शेवटी कंटाळून काकांनी सूचनाच बंद करून टाकल्या. नको तेव्हा वाजणारा इशारा माणूस बंद करतो, आणि मग खरा इशाराही त्याच्याबरोबर बंद होतो. ब्लूटूथचा काटा घरात सगळेच वापरतात, म्हणून ॲपमध्ये आपोआप नोंद बंद ठेवून आकडा हाताने टाकणं अशा घरात जास्त भरवशाचं. हाताने टाकताना दशांश चिन्ह सुटतं आणि ६८.४ चं ६८४ होतं, पण ती चूक ॲप लगेच पकडतं. बायकोचं वजन मात्र ते खरं धरून चालतं.

सूचना परत सुरू केल्यावरही सकाळची आठवण कधी यायची, कधी नाही. अँड्रॉइडचे बरेच फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारी ॲप झोपवतात. सेटिंग्जमध्ये ॲप्स, मग ते ॲप, मग बॅटरी असं जाऊन 'अनरिस्ट्रिक्टेड' निवडायचं, आणि फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' नावाचा पर्याय असेल तर तोही चालू करायचा. फोनचं सॉफ्टवेअर अपडेट झालं की हे पुन्हा तपासावं लागतं. जुन्या अँड्रॉइडवर ब्लूटूथचं यंत्र सापडायला लोकेशनची परवानगी लागते. ती नाकारली की 'डिव्हाइस सापडलं नाही' एवढंच दिसतं आणि माणूस यंत्र बिघडलं समजतो.

काट्याचं स्वतःचं पथ्य असतं. काकांचा काटा पलंगापाशी सतरंजीवर ठेवलेला होता. मऊ जागेवर काटा किलो-अर्धा किलो इकडेतिकडे दाखवतो. न्हाणीघरासमोरच्या शहाबादी फरशीवर, चारही पाय टेकतील अशा जागी खडूने चौकोन आखून तो तिथेच ठेवायला सांगितला. सकाळी लघवी करून, चहाच्या आधी, रोज तेच कपडे, अनवाणी. सेल उतरले की आकडे भरकटतात, म्हणून ५ किलोची सीलबंद आट्याची पिशवी हातात घेऊन उभं राहायचं आणि फरक ५ येतो का ते महिन्यातून एकदा बघायचं. काटा हजार-बाराशे रुपयांचा चालतो, पण १०० ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. डायलवर सुई फिरणारा जुना काटा या कामाला निरुपयोगी आहे.

बीपीसाठी पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पट्टा दंडावर, दंड छातीच्या उंचीला, बोलायचं नाही. आठवड्यातून दोनदा उभं राहून एक ते तीन मिनिटांनीही मोजायचं. वरचा आकडा २० ने उतरला तर कळवायचं.

आणि मग ती सरळ रेघ. एप्रिलच्या सुरुवातीला नऊ दिवस ओळीने वजन ६८.२. जिवंत माणसाचं वजन असं नसतं. रोज दोनशे-तीनशे ग्रॅम वरखाली होतंच. कारण निघालं ते असं : मुलाला रोजचा आकडा दिसायचा, आणि आकडा जरा वर गेला की संध्याकाळी फोन. "अण्णा, आज पुन्हा लोणचं खाल्लंत ना?" काकांनी वाद टाळायला ठरावीक आकडा टाकायला सुरुवात केली. मुलाची तळमळ खरी होती. पण आजारी माणसाला रोज परीक्षा द्यावी लागली तर तो निकाल सुधारून लिहितो, आणि त्यात त्याचा दोष फार नाही. सिस्टरनी दोघांशी बोलून ठरवलं : मुलाला फक्त लाल इशारा जाईल, आकडे नाहीत. आकडा खरा टाकल्याबद्दल काकांना कोणी बोलणार नाही. दुसऱ्या दिवसापासून रेघ पुन्हा वरखाली व्हायला लागली.

मिठाची पिशवी

ॲप रोज विचारायचं, 'आज मीठ कमी खाल्लं का?' काका म्हणायचे हो. घरात भाजी खरंच अळणी होती. पण मार्च-एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. ताटात पापड, सांडगी मिरची, कैरीचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी. लोणच्याच्या एका मोठ्या फोडीत सव्वा-दीड ग्रॅम मीठ सहज असतं, उडदाच्या एका पापडात अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, शिवाय पापडखार. हो-नाहीच्या प्रश्नात यातलं काहीच येत नाही.

त्याऐवजी एक साधा हिशेब दिला. मिठाची १ किलोची पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची. दिवसाला माणशी ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, ही मर्यादा धरली तर दोन माणसांच्या घरात पिशवी शंभर दिवस पुरायला हवी. काकांच्या घरची चाळीस दिवसांत संपली होती, म्हणजे माणशी साडेबारा ग्रॅम. थोडं भांड्याकुंड्यांना, थोडं पाहुण्यांना गेलं असं धरलं तरी दुप्पट. काकूंना हा हिशेब एका वाक्यात पटला, आणि पुढची पिशवी सत्तर दिवस गेली. तीस ओळींच्या आहारतक्त्याने हे झालं नसतं.

मिठाबाबत अतिरेकही करू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या 'सोडियम-एचएफ' या ८०६ रुग्णांच्या चाचणीत सोडियम दिवसाला १५०० मिलिग्रॅमच्या खाली नेण्याचं उद्दिष्ट ठेवूनही मृत्यू किंवा ॲडमिट होणं कमी झालं नाही. तेव्हा भाकरी-भाजीतलं चिमूटभर मीठ काढून घेऊन म्हाताऱ्या माणसाचं जेवण तोडण्यात अर्थ नाही. लोणचं, पापड, फरसाण, वेफर्स आणि खायचा सोडा हे काढलं की बहुतेक काम होतं.

पलीकडे कोण आहे

ॲपने पिवळा दाखवला असता तरी पुढे काय झालं असतं? पडद्यावर एवढंच यायचं : 'तुमच्या डॉक्टरांशी संपर्क साधा.' काकांचे डॉक्टर तीन : गावातले, तालुक्याचे आणि अँजिओप्लास्टी केलेले शहरातले. रुग्णालयाच्या बाजूला नोंदी बघणारी सिस्टर सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते एक या वेळात संगणक उघडायची, तेही वॉर्डाचं काम सांभाळून. हे काकांना ठाऊक नव्हतं. त्यांची समजूत अशी की, नोंद टाकली म्हणजे रुग्णालयाला कळलं. या समजुतीने धीर येतो, हे खरं. एकटेपणा कमी होतो, रात्री झोप लागते. पण रविवारी पहाटे धाप लागलेल्या माणसाला तीच समजूत घरी बसवून ठेवते.

दूरच्या देखरेखीवरच्या मोठ्या चाचण्या शेजारी ठेवल्या की हीच गोष्ट दिसते. अमेरिकेत २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'टेली-एचएफ'मध्ये १,६५३ रुग्ण होते. निम्म्यांना रोज फोनवरच्या यांत्रिक आवाजाला वजन आणि लक्षणं सांगायची होती. नोंदी कामाच्या दिवशी तपासल्या जायच्या. सहा महिन्यांनी ॲडमिट होणं आणि मृत्यू यात फरक पडला नाही. नेमून दिलेल्यांपैकी १४ टक्क्यांनी ती व्यवस्था एकदाही वापरली नाही, आणि शेवटच्या आठवड्यात आठवड्यातून तीनदा तरी वापरणारे ५५ टक्केच उरले होते. जर्मनीतली 'टीआयएम-एचएफ २' २०१८ सालची, १,५७१ रुग्णांची. तिथे बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातलं केंद्र डॉक्टर आणि नर्ससह चोवीस तास चालू होतं आणि घरून आलेल्या नोंदीवर त्याच दिवशी हालचाल व्हायची. तिथे अचानक ॲडमिट होण्यात किंवा मृत्यूने गमावलेले दिवस वर्षाला सरासरी २४.२ वरून १७.८ वर आले आणि मृत्यूही कमी झाले. टोरांटोत २०१६ पासून नेहमीच्या उपचारांचा भाग झालेल्या 'मेडली' या ॲपमध्येही इशारा नर्सकडे जातो, रुग्णाने नोंद टाकली नाही तर त्याला फोन जातो, आणि मर्यादा ज्याच्या त्याच्या वजनाप्रमाणे बसवलेल्या असतात.

आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी चोवीस तासांचं केंद्र उभं राहायला वेळ लागेल. म्हणून रंगानंतरची पायरी घरातच लिहून ठेवणं भाग आहे. काकांसाठी डॉक्टरांनी एका कागदावर ती लिहून दिली. मूळ वजन ६८.०. एका दिवसात १ किलो, तीन दिवसांत २ किलो, किंवा कितीही दिवसांत ६९.५ च्या वर गेलं तर पिवळा. पिवळ्यात दुपारी दोनला टॉर्सेमाइड १० मिलिग्रॅम जादा, जास्तीत जास्त तीन दिवस, आणि पहिल्याच दिवशी सिस्टरना फोन. वरचं बीपी ९० च्या खाली असेल किंवा उलट्या-जुलाब होत असतील तर जादा गोळी नाही, फक्त फोन. आडवं होता येत नाही, बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, शुद्ध हरपणं किंवा ओठ निळे पडणं : यात ॲप उघडायचंच नाही, सरळ १०८ ला फोन. हे डोस काकांच्या मूत्रपिंडाची तपासणी आणि बीपी पाहून ठरवलेले आहेत. दुसऱ्या रुग्णाने ते उचलून वापरू नयेत. जादा गोळी दुपारीच, कारण संध्याकाळी घेतली तर रात्रभर उठावं लागतं, आणि गुडघे दुखणारा माणूस अंधारात न्हाणीघराच्या वाटेवर पडतो.

प्रश्नही बदलले. ॲपमधला 'दम लागतो का?' बदलता येत नव्हता, पण त्याचं उत्तर कसं द्यायचं ते ठरवता आलं. रोज दोन गोष्टींवरून हो किंवा नाही : काल मारुतीच्या देवळापर्यंत न थांबता गेलात का, आणि बंबात लाकूड तुम्ही घातलंत का. दोन्हींपैकी एकही 'नाही' असेल आणि त्याला दुसरं कारण नसेल, तर ॲपमध्ये 'दम लागतो' असं भरायचं. उत्तर देताना काकू शेजारी असाव्यात हेही ठरलं. ॲपच्या टिपणाच्या रकान्यात नवीन गोळी, मलम, काढा, जे काही सुरू केलं ते लिहायचं.

मे महिना, उलट्या दिशेने

मेमध्ये ऊन ४० अंशांवर गेलं आणि काकांना दोन दिवस जुलाब झाले. काटा ६८ वरून ६५.९. उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी, उभ्याचं बीपी ८८. फेब्रुवारीतल्यासारखी एका दिवसातली मोठी घट सोडली, तर ॲपच्या मूळ नियमांत वजन उतरण्याबद्दल काहीच नव्हतं. सुदैवाने एप्रिलमध्ये खालची मर्यादा, ६६.५, बसवलेली होती. पिवळा आला आणि काकूंनी सिस्टरना फोन लावला.

"सिस्टर, पाणी उतरलंय म्हणजे चांगलंच ना?"

"नाही काकू, आता जास्त उतरलंय. आजची लघवीची गोळी आणि ती डॅपाची गोळी देऊ नका. बाकीच्यांचं डॉक्टरांना विचारून दहा मिनिटांत सांगते. काकांना झोपवून ठेवा."

डॉक्टरांनी त्या दिवसापुरत्या सॅक्युबिट्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनही थांबवल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन १.९, पोटॅशियम ५.६, दोन्ही वाढलेली. जुलाबांनी मूत्रपिंड कोरडं पडलं होतं हे एक. दुसरं कारण विचारपूस केल्यावर कळलं : उन्हाळा म्हणून रोज एक शहाळं, आणि मुलाने पुण्याहून कौतुकाने आणलेलं 'लो सोडियम' मीठ. त्या मिठात सोडियम कमी करायला पोटॅशियम क्लोराइड मिसळतात. निरोगी माणसाला ते चालतं. स्पायरोनोलॅक्टोन आणि सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन घेणाऱ्याच्या अंगात मात्र पोटॅशियम साठत जातं, आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडून जीव जाऊ शकतो. पोटॅशियमला ना वजनात फरक, ना सूज, ना दम. घरातल्या कुठल्याही यंत्रावर ते कळत नाही. स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर आठवड्याने आणि महिन्याने, आणि पुढे दर तीन-चार महिन्यांनी रक्त तपासायलाच हवं. ॲपमध्ये या तपासणीची आठवण टाकता येत होती. कोणी टाकली नव्हती.

पाच दिवसांनी पोटॅशियम ४.८ वर आलं. गोळ्या एकेक करून परत सुरू झाल्या, स्पायरोनोलॅक्टोन निम्म्या डोसवर. शहाळं बंद, साधंच मीठ, पण कमी.

आता

जुलैपर्यंत काकांना दोनदा पिवळा आला. पहिला एका लग्नाच्या जेवणावळीनंतर. जादा गोळीने दोन दिवसांत उतरला. दुसरा, सर्दी-खोकल्याचं औषध म्हणून कोणीतरी दिलेल्या गोळीत पुन्हा वेदनाशामक निघालं तेव्हा. दोन्ही वेळा फोन त्याच दिवशी गेला. नोंदी आठवड्यात सरासरी पाच दिवसांच्या येतात, सात दिवसांचा आग्रह सोडून दिला आहे. लग्नाला, आषाढीला बाहेरगावी गेले की चार दिवस खाडा होतो. परत आल्यावर पहिल्या सकाळचं वजन मात्र चुकवायचं नाही, कारण घोटाळा असतो तो या खाड्यातच. वीज किंवा रेंज नसेल त्या दिवशी कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलने आकडा लिहितात आणि नंतर ॲपमध्ये टाकतात.

जुलैच्या तपासणीत एक नवी बाब पुढे आली. काटा तीन आठवडे ६७.८ वर, पडदा हिरवा, पण नडगीवर दाबलं तर हलका खड्डा. भूक मंदावल्याने काकांच्या मांड्यांचं आणि दंडांचं मांस कमी झालं होतं, आणि तेवढ्याच वजनाचं पाणी त्याच्या जागी आलं होतं. वजन तेच राहिलं, कोरडं वजन मात्र खाली सरकलं होतं. टॉर्सेमाइड आठवडाभर ३० मिलिग्रॅम केली, काटा ६६.४ वर आला आणि खड्डा गेला. ॲपमधलं मूळ वजन ६६.४ केलं, वरची मर्यादा ६७.९, खालची ६४.९. फ्रिजवरचा कागदही त्याच दिवशी बदलला, नाहीतर ॲप एक सांगतं आणि कागद दुसरंच. यापुढे दर तीन महिन्यांनी, आणि मधे कुठलंही आजारपण होऊन गेलं तर लगेच, नडगी दाबून, झोपताना किती उशा लागतात ते विचारून, दंडाचा घेर टेपने मोजून हा आकडा डॉक्टरांसमोर नव्याने ठरवायचा. जेवणात रोज एक वाटी जास्तीची डाळ आणि एक अंडं सुरू केलं आहे. क्रिएटिनिन पुन्हा १.३ वर आलेलं असल्याने डॉक्टरांनी त्याला होकार दिला.